नाला की मैया

मला विचाराल तर उन्हाळी शिबिर उन्हाळ्यात घ्यावं. एवढी साधी गोष्ट आहे. पण आमच्या घरच्या मास्तरांना साधी गोष्ट कधी पटली असेल तर शपथ!

मास्तर म्हणजे माझे यजमान, भय्यासाहेब. जबलपूरच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आमच्या मराठी मंडळाची काळजी वाहायचे. आपला सी.पी., म्हणजे मध्य प्रांत, होता तेव्हाची गोष्ट, दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. यांच्या डोक्यात भरलं की आपली मराठी पोरं हिंदी होऊन राहिली. खरंच होतं म्हणा. आई विचारायची, "काहून रे, जेवत काहून नाहीस?" आणि पोरगं सांगायचं, "अभी भूख नहीं है." त्यावर यांचा इलाज असा, की पोरांना शहराबाहेर नेऊन ठेवायचं. सकाळी लेझीम, दुपारी नदीत पोहणं, आणि तोंडात दिवसभर फक्त मराठी. मे महिन्याचं ठरलं होतं. पण मे महिन्यात शहरात देवीची साथ आली आणि कोणी पोराला उंबऱ्याबाहेर काढेना. साथ ओसरली तोवर जून सरत आला. मी म्हटलं, आता पुढल्या वर्षी पाहू. तर म्हणतात कसे, "कुंदा, शाळा उघडायला वेळ आहे अजून. पाऊस काय, येईल आणि जाईल."

आला. गेला मात्र नाही.

बरगीच्या अलीकडे, नर्मदेच्या दक्षिण काठावर, एका टेकाडावर जुनी धर्मशाळा होती. तिथे आम्ही बावीस पोरं घेऊन गेलो. तिलवाऱ्याच्या घाटावरून नावेनं पलीकडे, आणि मग बैलगाड्या. धर्मशाळेच्या पुढ्यात नर्मदा आणि पाठीमागे एक नाला. तो टेकाडाला वळसा घालून नदीला मिळायचा. नाल्याच्या पलीकडे शेतं आणि शेतांच्या पलीकडे बरगी गाव. आम्ही पोचलो तेव्हा बैलगाड्या नाल्यातून चाकं न भिजवता पार झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच नाल्यात पोरांच्या मांडीएवढं पाणी होतं.

मंडळानं ठरवलेला आचारी तिलवाऱ्यालाच आभाळ पाहून परत फिरला होता. "माझ्याच्यानं नाही होणार जी," म्हणाला, आणि पातेली आमच्या अंगावर टाकून चालता झाला. म्हणजे बावीस पोरं, मास्तर, ओली लाकडं आणि मी. डोळ्यांत धूर, मनात संताप. यांना काय बोलू आणि काय नको असं झालं होतं. तेवढ्यात ओसरीच्या टोकाला पाहिलं तर तिथं एक माणूस बसलेला, आणि त्याच्यापुढे त्याच ओल्या लाकडांची चूल छान पेटलेली!

उंच, सावळा, रुंद खांद्यांचा. दाढी वाढलेली, अंगावर कधीकाळी पांढरं असलेलं धोतर, आणि गळ्यात दोरीनं बांधलेली काचेची लहानशी बाटली. मी म्हटलं, "भैया, जरा मदद करोगे?" तो उठला, हात जोडले, "नर्मदे हर" म्हणाला, आणि मग माझ्या नऊवारीकडे पाहून म्हणाला, "बाई, मी मराठीच आहो. अमरावतीकडचा."

मला तर रडूच यायचं बाकी होतं. मी त्याला महाराज म्हणायला लागले तशी त्यानं जीभ चावली. "महाराज काहून म्हणता? जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणारा मानूस आहो मी. तुळशीराम नाव."

तर हा तुळशीराम नर्मदेच्या परिक्रमेला निघालेला होता. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि चालत राहायचं. ओंकारेश्वराहून निघून समुद्रापर्यंत, तिथून पलीकडच्या काठानं वर अमरकंटकपर्यंत, तिथून या काठानं परत ओंकारेश्वर. तीन वर्षं होत आली होती त्याला. फार तर दीड महिन्याची वाट राहिली होती. पण पावसाचे चार महिने परिक्रमावासी एका जागी थांबतात. चातुर्मास लागायला थोडा अवकाश होता, तरी पावसानं त्याचे पाय आधीच बांधले होते. म्हणून तो या धर्मशाळेत. पैसे घेणार नाही म्हणाला. जे पोरं खातील ते मीही खाईन, बस. दोन दिवसांत आमची चूल त्याच्या ताब्यात गेली आणि मी सुटले. त्याची जात कोणती म्हणून आमच्या मंडळातल्या एक-दोघांनी पुढे मला विचारलं. मी म्हटलं, तुम्ही त्या धुरात येऊन बसला असता तर सांगितली असती.

शिबिराचं काय सांगू! लेझीम ओसरीवर खेळायची तर छपराचे वासे हलायचे. मल्लखांब बाहेर पावसात उभा, त्याला शेवाळ धरायला लागलं. वाळत घातलेली धोतरं वाळायचीच नाहीत. शेवटी कोणाचं कोणतं हेही कळेनासं झालं, हाताला येईल ते पोरं नेसायची. पोरांच्या अंगाला धुराचा आणि ओल्या कपड्यांचा असा काही वास यायचा की विचारू नका. भांडणं तर दिवसाला दहा. आणि भय्यासाहेब सगळ्यांच्या मधोमध छत्री घेऊन उभे, "शिस्त! शिस्त!"

त्यात यांनी नियम काढला, जो हिंदी बोलेल त्यानं शिक्षा म्हणून चुलीपुढे फुंकणी घेऊन बसायचं. झालं! साऱ्या धर्मशाळेत कोरडी आणि ऊबदार जागा ती एकच, आणि तिथं तुळशीराम. पोरं मुद्दाम यांच्यासमोर येऊन "गुरुजी, पानी कब रुकेगा?" म्हणायची आणि आनंदानं शिक्षेला जाऊन बसायची. आठ-दहा पोरं एकेका फुंकणीला! आणि मराठी शिकली हो, पण कोणती? आमचे मास्तर पुस्तकातली मराठी शिकवायला निघालेले, आणि पोरं एकमेकांना म्हणायला लागली, "काय करून राह्यला बे?" हे कपाळावर हात मारून घेत आणि मी पदरात तोंड लपवून हसत असे.

चुलीपुढे पोरं तुळशीरामला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायची. त्यात सगळ्यांत पुढे शैलेंद्र. आमच्या शेजारच्या विनताचा एकुलता एक, नऊ वर्षांचा, काडीसारखा. "कुंदाताई, तुमच्या भरवशावर पाठवते," म्हणून विनतानं माझ्या हाती दिलेला. त्याला सगळंच पाहायचं असायचं. गोगलगाय शिंगं आत घेते तेव्हा ती कुठे जातात, बेडूक ओरडतो तेव्हा त्याचं तोंड उघडं असतं की बंद. उत्तर मिळेपर्यंत हा जागचा हलायचा नाही.

"काका, नर्मदा ओलांडली की परिक्रमा तुटते न?"

"तुटते."

"पुलावरून गेलं तरी?"

"तरी तुटते."

"मोठ्या मगरीनं गिळलं आणि पलीकडे नेऊन टाकलं तर?"

"मंग मगरीले इचारा लागन," तुळशीराम म्हणायचा, आणि पोरं खिदळायची.

भय्यासाहेबांनाही राहवेना. गणिताचा माणूस. त्यांनी विचारलं, "मग वाटेत इतक्या उपनद्या लागतात, त्यांचं काय करता?"

"त्या ओलांडाच लागतात गुरुजी. नाही त मानूस जन्मभर वळसेच घालत राहीन. नदी-नाले त्या मैयाच्या लेकी. मैयाचं सोताचं पानी तेवढं ओलांडायचं नाही."

शैलेंद्र गालाला हात लावून विचार करत बसला होता. मग म्हणाला, "आणि काका, तुम्ही इथंच बसलेले आणि नदीच तुमच्या मागून गेली तर?"

तुळशीरामचा वरणातला डाव थांबला. त्यानं पोराकडे पाहिलं. "तसं होत नाही रे," म्हणाला आणि पुन्हा वरण ढवळायला लागला.

मलाही एक प्रश्न टोचत होता, आणि मी काही पोर नव्हते की मगरीवर भागेल. जिनिंगमधला माणूस, घरदार असलेला, तीन वर्षं अनवाणी का चालतो? एका दुपारी मी तांदूळ निवडत होते, तो परात घासत होता. मी विचारलंच. आधी त्यानं टाळलं. मी सोडते होय! शेवटी त्यानं परात उपडी ठेवली आणि सांगितलं.

त्याची बायको अंजनी पहिल्या बाळंतपणात अडली होती. सुईणीनं हात टेकले. तुळशीराम जिनिंगच्या फाटकाशी उभा होता, घरात जायची हिंमत होईना. तिथेच तो बोलून गेला, माझी अंजनी आणि लेकरू दोघं जगू दे, मैया, मी तुझी परिक्रमा करीन. दोघी जगल्या. लेक झाली, तिचं नाव इंदू. नर्मदा तर त्यानं तेव्हा डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, गावात एक बैरागी यायचा, त्याच्या तोंडून ऐकलेलं. मग आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्षं गेली. इंदू बारा वर्षांची झाली तेव्हा अंजनीच म्हणाली, "निघा आता. लग्नाआधी फेडून या."

"अन् आता?" मी विचारलं.

"आता पंधराची हाय. दर्यापूरकडचं स्थळ हाय, जमीनवाले लोक. माघापर्यंत थांबतो म्हणाले, त्याच्या पुढे नाही. लेक मैयाकडून मागून आणली बाई. तिचा नवस फेडल्याबिगर दुसऱ्याच्या हाती कशी देऊ?"

"आणि समजा मधेच तुटली तर?"

"तर पयल्यापासून." त्यानं परात उचलली. "अन् अर्धा टाकलेला नवस लेकरावर जातो म्हणतात. तसं बोलू नका."

मी जीभ चावली. माझं मेलीचं तोंडच असं.

त्यानंतर दोन दिवस पाऊस नुसता कोसळत होता. मग तो जरा थांबला, पण वर मंडल्याकडे झोडपून राहिला असावा, कारण नदी चढतच होती. सकाळी जिथं पोरं दात घासायला बसायची ती पायरी दुपारी दिसेना. धर्मशाळेचा राखणदार त्याच्या गावी गेलेला, तो तिकडेच अडकला. मागचा नालाही तट्ट फुगला होता. पोरांना मजा वाटत होती, आपण बेटावर आहोत म्हणून. मला काही मजा वाटत नव्हती.

जेवणं झाली होती. पोरं पत्रावळी टाकायला मागे गेली. शैलेंद्र लाकडांच्या ढिगाशी रेंगाळला. पाठीवर पिल्लं घेतलेली विंचवीण त्याला तिथं सकाळी दिसली होती, आणि ती पिल्लं उतरून कुठे जातात ते त्याला पाहायचं होतं. त्यानं लाकडाखाली हात घातला.

त्याची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. मोठ्या माणसाला विंचू चावला तर रात्रभर तळमळून तो बरा होतो. पण हे नऊ वर्षांचं, मूठभर हाडांचं पोर. थोड्याच वेळात त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. अंग घामानं निथळलं आणि हातपाय बर्फासारखे गार पडले. छाती भात्यासारखी हलत होती.  डोळ्यांपुढे विनताचा चेहरा. बरगीत एक म्हातारे कंपाउंडर होते, त्यांच्याकडे सुई होती, औषध होतं. पण बरगी नाल्याच्या पलीकडे.

भय्यासाहेबांनी कोट काढून फेकला आणि नाल्यात उतरले. बुटके हो ते, अंगानं बारीक. कमरेच्या वर पाणी गेलं आणि त्यांचे पाय सुटले. तुळशीरामनं धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि ओढून बाहेर काढलं. मोठ्या पोरांतला गुणवंत, पंधरा-सोळाचा, तो धोतराचा कासोटा खोचून निघाला. तुळशीरामनं त्याला मागे लोटलं. "तू नाही. तुह्या छातीच्या वर जाईन पानी."

मग त्यानंच शैलेंद्रला माझ्या मांडीवरून उचललं, खांद्यावर घेतलं आणि काठाशी आला. आणि थांबला.

मला कळेना काय झालं. मी ओरडले, "अहो, उभे काय राहिलात? चला की!"

तो पाण्याकडे पाहत होता. मीही पाहिलं. पोरांनी मघाशी टाकलेली एक पत्रावळ काठाच्या झुडपातून सुटून पाण्यावर आली होती. नाल्याचं पाणी नदीकडे जातं. पत्रावळ नदीकडे जायला हवी होती. ती नदीकडून येत होती आणि आत, शेतांकडे चालली होती. नदी इतकी चढली होती की तिचं पाणी उलटं नाल्यात शिरलं होतं. आमच्या पुढेही नर्मदा आणि आमच्या मागेही नर्मदा. पत्रावळ सगळ्यांनी पाहिली.  चुलीपुढे बसून सगळे नियम पोरांना पाठ झालेले होते.

मग गुणवंत ओरडला, "काका, नाला हाय! नालाच हाय तो!"

आणि एका क्षणात सगळी पोरं ओरडायला लागली. "नाला हाय काका! नाला हाय!" छाती फुटेस्तोवर ओरडत होती, लहानगी तर रडत रडत. आणि आमचे मास्तर! खोटं बोलला म्हणून चिंतामणी नावाच्या एका पोराला आदल्याच दिवशी ओणवं उभं केलं होतं यांनी. चिखलात बसलेले, अंगावरून पाणी गळतंय, आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "तुळशीरामजी, मी सांगतो, नालाच आहे. मी इथला नकाशा पाहिलाय."

तुळशीरामनं त्यांच्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. "हो न गुरुजी. नालाच हाय," म्हणाला. मग एका हातानं गळ्यातली बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. त्या बाटलीत मैयाचं पाणी असायचं. तीन वर्षांत ती त्याच्या गळ्यातून निघाली नव्हती, झोपतानासुद्धा.

"धरा बाई," म्हणाला. "आता हिचं काम नाही."

आणि तो उतरला. पाणी छातीला लागलं, मग गळ्याला. पोराला त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं होतं. मधे एकदा त्याचं डोकंही दिसेना, नुसते दोन हात आणि त्यावर शैलेंद्र. मी डोळे मिटून घेतले. पोरांनी "नर्मदे हर" म्हणून एकच आरोळी ठोकली तेव्हा उघडले. तो पलीकडच्या शेतातून बरगीच्या दिशेनं पळत होता.

संध्याकाळी एक शेतकरी पलीकडच्या काठावर आला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "लड़का ठीक है! दूध पिया है!" त्या दिवशी हिंदी बोलली म्हणून कोणाला शिक्षा नव्हती. भय्यासाहेब स्वतःच ओरडून विचारत होते, "पक्का? पक्का ना भैया?" आणि मग ओसरीवर येऊन खांबाला डोकं टेकून रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

पाणी उतरलं तसा तुळशीराम परत आला, शैलेंद्रला खांद्यावर घेऊन. पोरं धावली. "काका, नालाच होता न? आम्ही सांगितलं होतं न?" त्यानं एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. चूल पेटवली, भात टाकला. पण त्याचं त्या भाताकडे लक्ष नव्हतं. तो जरा लागलासुद्धा, आणि त्याच्या हातचं कधी काही लागत नसे.

भय्यासाहेबांनी त्याला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुम्ही नर्मदा ओलांडलीच कुठे? दक्षिण काठावरून दक्षिण काठावर गेलात. मी जबलपूरच्या ग्वारीघाटावरच्या शास्त्रीबुवांकडून लिहून आणतो. ते म्हणतील, तुटली नाही."

"म्हनतीन," तुळशीराम म्हणाला. "पण शास्त्रीबुवानं ती पत्रावळ पायली नाही गुरुजी. मी पायली."

माझा तर संताप संताप झाला. मी काही गप्प बसणारी नव्हे. "वेडे आहात काय हो? कोणाचं पोर वाचवलंत, आणि ती मैया याचा दोष धरेल? असली कसली मैया?"

तो शांतपणे म्हणाला, "मैया नाही धरणार बाई. मीच धरीन. उद्या इंदूच्या घरी काही झालं, तिचं लेकरू आजारी पडलं, त मले पयले ती पत्रावळ दिसन. असं भेव घेऊन मी कन्यादान कसं करू?"

 

त्यानं ठरवलं ते असं. चातुर्मास याच टेकाडावर काढायचा, आणि कार्तिकी एकादशी झाली की इथूनच नव्यानं पहिलं पाऊल टाकायचं. परिक्रमा कुठूनही सुरू करता येते, जिथून सुरू तिथं पुरी. म्हणजे पुन्हा तीन वर्षं. दर्यापूरच्या स्थळाला तेवढं कळवा म्हणाला, आणि अंजनीला. ते कळवायचं काम भय्यासाहेबांनी केलं. लिहिताना दोनदा कागद फाडला. स्थळवाल्यांचा निरोप दसऱ्याच्या सुमाराला आला, आम्ही दुसरी मुलगी पाहिली.

दिवाळीनंतर अंजनी इंदूला घेऊन आगगाडीनं जबलपूरला आली आणि थेट आमच्या दारात. ठेंगणी, ठसठशीत बाई. आल्या आल्या मला म्हणाली, "पोरगं जगलं न?" मी शेजारून शैलेंद्रला हाक मारली. तिनं त्याला जवळ ओढलं, त्याचा तो हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "पुन्हा कुठी हात घातला त मी चावीन." विनता तिच्या पायाच पडायला निघाली, तर अंजनीनं तिला वरच्यावर धरलं.

इंदू मात्र दाराशीच उभी होती. उंचीनं बापावर गेलेली. मी मनात म्हटलं, बिचारी, हिचं लग्न मोडलं. तिला बरं वाटावं म्हणून मी तिच्या पानात दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. तिनं खाल्ल्या.

आम्ही सगळे टेकाडावर गेलो. नदी आता निवळली होती. तुळशीराम नेहमीच्या जागी बसलेला. बायको-लेकीला पाहून उठला, आणि लेकीला जवळ घ्यायच्या आधी तिच्यापुढे हातच जोडले त्यानं. "पोरी, तुहं लग्न मोडलं माह्या पायी," म्हणाला. 

इंदू म्हणाली, "बाबा, ते लग्न मले नव्हतंच करायचं."

आम्ही सगळे तिच्याकडेच पाहायला लागलो. अंजनीसुद्धा.

"मले कोणी इचारलं होतं काय? तो नवरा दोनदा लग्न झालेला हाय. तुमी येऊ नये म्हणून मी रोज देवाले हात जोडत होतो."

तुळशीराम तिथंच मटकन खाली बसला. मला हसावं की रडावं कळेना. हा माणूस तीन वर्षं एकेक पाऊल मोजत धावत होता, आणि लेक घरी बसून त्याला उशीर व्हावा म्हणून देव पाण्यात ठेवून राहिली होती!

"मंग आता काय करू मी?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं, एखाद्या लहान पोरानं विचारावं तसं.

इंदू त्याच्याशेजारी बसली. "नवस माह्या नावाचा हाय न?"

"हो."

"मंग चालता तुमीच काहून? मी पण येतो."

अंजनीनं कंबरेवर हात ठेवले. लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "जा घेऊन," म्हणाली. "मले येता येत नाही, म्हशीले कोण पाहीन? पण परत आली की नवरा मी नाही शोधणार हिचा. हिचा हिले पाहू द्या."

कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेक निघाले. इंदू पुढे आणि तुळशीराम मागे, कारण त्याला तिच्या चालीनं चालायचं होतं. नदी दोघांच्या उजव्या हाताला होती. थोडं गेल्यावर इंदूनं वळून त्याला काहीतरी विचारलं, पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून. तुळशीराम थांबला आणि हात हलवून हलवून तिला सांगायला लागला.